आधी कुणाचं नाव दिसायचं

असे किस्से साठत कसे जातात ते कळत नाही. घडतात त्या दिवशी आपलं डोकं उठलेलं असतं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मनातही येत नाही. मग कधीतरी सुलभाताईंच्या इंदिरानगरच्या घरी आम्ही जुने लोक जमतो, चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "ते झाल्टे आठवतात का?" आणि एकातून एक निघत जातं.

मी रक्तपेढीत होते म्हटलं की ऐकणारे जरा सरकून बसतात. त्यांना वाटतं, ही आता अपघाताच्या आणि रक्ताच्या गोष्टी सांगणार. पण माझा रक्ताशी संबंध काचेपलीकडूनच यायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या त्या छोट्या, ट्रस्टच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत मी आले. कॉलेज रोडवर एका क्लासला डेटाबेसचं सॉफ्टवेअर शिकले होते, तेवढ्या भांडवलावर. रक्तदात्यांची सगळी माहिती मी मशीनमध्ये भरली. मग जे हवं ते विचारायचं, म्हणजे क्वेरी करायची, की उत्तराची यादी पडद्यावर यायची. कोणता कॉलम आधी, कोणता नंतर, कोण वर, कोण खाली, काय दाखवायचं, काय झाकायचं, हे सगळं मी ठरवायचे. मला ते काम म्हणजे घर आवरल्यासारखं वाटायचं. नीटनेटकं दिसलं की झालं.

आमची खोली एकच. डॉ. देवधर मॅडम, आमच्या प्रमुख, सूक्ष्मदर्शकापाशी बसायच्या. त्या फार कमी बोलायच्या. सुलभाताईंचं टेबल फोनपाशी. कुणाला रक्त लागलं की दात्यांना फोन करून बोलावणं हे त्यांचं काम. बागूलभाऊ सटाण्याकडचे, गाडी चालवायचे, गावोगावची शिबिरं सांभाळायचे. आणि चौथी मी, वैशाली. नीटनेटकं दिसलं की झालं, हे माझं मत फार टिकलं नाही.

*

पहिली तक्रार आली ती आहेरांच्या बायकोची.

आहेर सातपूरच्या एका कारखान्यात होते. गट ओ निगेटिव्ह, म्हणजे कुणालाही चालणारा आणि सहसा न मिळणारा. माणूस असा की फोन केला की स्कूटर काढून हजर. दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर हवं, ते अंतर पुरं झालं की आमचा फोन गेलाच म्हणून समजा. एक दिवस आहेरवहिनी स्वतः आल्या. चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी सुलभाताईंना विचारलं की नाशकात या गटाचा दुसरा माणूसच नाही का. यांचं हिमोग्लोबिन खाली आलंय, कंपनीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तरी फोन वाजला की हे शर्ट घालायला लागतात.

सुलभाताईंना वाईट वाटलं. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. यादी वरून सुरू करायची, पहिला भेटला की थांबायचं, हीच त्यांची रीत होती, आणि तिच्यात चूक काहीच नव्हती. पेशंटचे नातेवाईक समोर उभे असताना कोण शेवटपर्यंत जाईल? नावं इंग्रजीत भरलेली, आडनावाप्रमाणे लावलेली. आहेर 'ए'वर. सगळ्यात वर.

मी यादी खाली सरकवत नेली. तळाशी 'झेड'वर एक झाल्टे होते. एकदाच रक्त दिलेलं, तेही नोंदणीच्या दिवशी. त्यानंतर त्यांना एकही फोन गेलेला नव्हता.

त्याच दुपारी मी त्या यादीची मांडणी बदलली. आडनावाऐवजी शेवटच्या रक्तदानाच्या तारखेवर सॉर्ट लावला, सगळ्यात जुनी तारीख वर. आहेर खाली गेले. पुढची गरज लागली तेव्हा सुलभाताईंनी झाल्टेंना फोन लावला. ते पंचवटीतून आले, सायकलवर. रक्त देऊन झालं, बिस्किटाचा पुडा हातात घेतला आणि निघताना दारात घुटमळले. मॅडमना म्हणाले, "एक विचारू का? मला इतकी वर्षं वाटत होतं, माझं रक्त तुम्हाला चाललं नाही."

मॅडमनी उठून त्यांना नमस्कार केला. दात्याला त्यांनी असा नमस्कार केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

*

त्या बदललेल्या मांडणीचं आणखी एक झालं.

सॉफ्टवेअरची एक सवय आहे. जुनी तारीख वर आणायला सांगितलं की ज्याची तारीखच भरलेली नाही, तो सगळ्यांच्या वर येऊन बसतो. मला हे ठाऊक नव्हतं. एक दिवस ए पॉझिटिव्हची यादी काढली तर जुन्या तारखांचे दाते खाली आणि डोक्यावर एकच नाव, तारखेचा रकाना कोरा: आमच्या ट्रस्टचे खजिनदार. रक्तपेढीच्या उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यांनी दाता म्हणून पहिली नोंदणी केली होती, टाळ्याही पडल्या होत्या. पुढे रक्त द्यायचं राहूनच गेलं होतं.

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कोरे रकाने वगळता येतात, एक अट घालते, मिनिटाचं काम आहे. त्या म्हणाल्या, "कशाला? वर दिसलं त्याला फोन करायचा, असं ठरलंय ना?" आणि त्यांनी फोन लावला.

खजिनदार आले. मोठं दुकान होतं त्यांचं, आवाजही मोठा. पण त्या दिवशी आवाज नव्हता. खाटेवर आडवे झाल्यावर त्यांनी बागूलभाऊंचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. नंतर कळलं की लहानपणी त्यांनी वडिलांना दवाखान्यातच प्राण सोडताना पाहिलं होतं. तेव्हापासून स्पिरिटचा वास आला तरी त्यांना घाम फुटायचा. उद्घाटनाच्या दिवशीसुद्धा नोंदणी झाल्यावर ते दारातूनच परत गेले होते, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

झाल्यावर ते थेट माझ्या टेबलापाशी आले. शर्टाची बाही अजून वर दुमडलेली होती. म्हणाले, "ताई, माझ्यासमोर तारीख भरा. आणि नाव खाली गेलेलं मला दाखवा."

मी तारीख भरली, यादी पुन्हा काढली. त्यांचं नाव तळाला गेलं.  मग त्यांनी बाही खाली केली आणि पुढे दर वर्षी उद्घाटनाच्या तारखेला न बोलावता येऊ लागले.

*

नवीन मशीन आलं तेव्हाचं एक छोटंसं.

जुनं मशीन काढून नवं बसवलं, त्या दिवसापासून तारखा उलट्या दिसायला लागल्या. आधी महिना, मग दिवस, अमेरिकेत लिहितात तशा. कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता, आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या. रक्ताच्या पिशवीला मुदत असते. कोणत्या पिशवीची मुदत कधी संपते, याची यादी रोज सकाळी मी छापून द्यायचे. त्या सकाळी बी निगेटिव्हची आमच्याकडची एकुलती एक पिशवी मुदत संपली म्हणून बाजूला काढून ठेवली होती. यादीतली तारीख पाहून, दिवसाला महिना समजून.

डॉक्टर मॅडम टाकायच्या पिशव्यांवर सही करायच्या. सही करताना प्रत्येक पिशवी हातात घ्यायची आणि लेबल मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. या पिशवीचं लेबल त्यांनी वाचलं, यादी पाहिली, पुन्हा लेबल वाचलं. पिशवी फ्रिजमध्ये परत ठेवली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "यापुढे महिना आकड्यात दिसायला नको. अक्षरात दिसू दे."

मी तारखेच्या रकान्याचा फॉरमॅट तिथल्या तिथे बदलला. जून म्हणजे जून, जुलै म्हणजे जुलै. कुणीही उलटंसुलटं वाचू शकणार नाही.

त्याच दिवशी दुपारी बाळंतपणात अडलेल्या एका बाईसाठी बी निगेटिव्हची मागणी आली. बागूलभाऊ पिशवी घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा होता. मॅडमनी एक पेढा उचलला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि परत सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसल्या. 

*

आता झाकण्याची गोष्ट.

प्रत्येक दात्याच्या रक्ताच्या चाचण्या होतात. त्यात दोन-तीन आजार असे की त्या काळात नुसतं नाव निघालं तरी माणूस आयुष्यातून उठायचा. चाचणीचा निकाल माझ्याकडे एका कॉलममध्ये असायचा. क्वेरी तयार करताना प्रत्येक कॉलमखाली एक छोटा चौकोन असतो. त्यातली बरोबरची खूण पुसली की तो कॉलम काम करतो, पण दिसत नाही. सुलभाताईंच्या फोनच्या यादीत मी तसंच केलं होतं. ज्यांचा निकाल वाईट त्यांची नावं आपोआप गळायची आणि निकालाचा कॉलम कुणाला दिसायचा नाही. मला वाटलं, झालं काम.

मॅडमनी एकदा ती यादी पाहिली आणि विचारलं, काउंटरवर कुणी आलं तर हीच यादी उघडतात का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग नाव गायब असणं हेही सांगणंच झालं." त्यांनी मला काउंटरसाठी वेगळी क्वेरी करायला लावली. तिच्यात सगळ्यांची नावं, गट, फोन. बाकी काही नाही. ते ऐकताना मला जरा अतीच वाटलं होतं.

नंतर काही महिन्यांनी गंगापूर रोडवरचे एक गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, चांगले कपडे, बोलणं मऊ. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा आमचा दाता. कॉलेजच्या शिबिरात त्यानं रक्त दिलं होतं. त्यांनी सुलभाताईंना आडून आडून सुचवलं की तुमच्याकडे सगळं तपासलेलं असतं, आपण एका गावचे, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ताईंनी नियम सांगितला. त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "तुम्ही काही बोलूच नका. फक्त तो पडदा एकदा माझ्याकडे फिरवा."

ताईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम उठून काउंटरपाशी आल्या आणि त्यांनी ताईंना मान हलवून खूण केली. ताईंनी काउंटरची यादी काढली आणि मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. बोट काचेवर ठेवून नाव शोधलं. नाव होतं. गट होता. घरचा फोन होता. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. ते म्हणाले, "नाव आहे. म्हणजे सगळं ठीक आहे."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "यावरून काहीच कळत नाही. ठीक असलं तरी नाही, नसलं तरी नाही. त्या मुलाला विचारा."

ते गृहस्थ एकदम खाली बसले. त्यांच्या थोरल्या मुलीचा नवरा लग्नानंतर वर्षभरात गेला होता. आजार लपवून लग्न लावलं होतं, आणि आता ती मुलगीही औषधांवर होती. हे सगळं त्यांनी आम्हा तिघींसमोर, काउंटरवर हात ठेवून सांगितलं.  आपण उठावं आणि यांना सांगून टाकावं असं मला अगदी मनापासून वाटलं. मॅडमनी त्यांना पाणी दिलं, शेजारी बसल्या, आणि लग्नाआधी दोघांनीही चाचणी करून एकमेकांना रिपोर्ट दाखवावेत असं सुचवलं. मुलाचीच नाही, तुमच्या मुलीचीही, असं त्या मुद्दाम म्हणाल्या. दोघांनीही केली की मागताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही, हे त्यांचं म्हणणं.

तसंच झालं. दोघं मुलं आमच्याकडेच आली, एकाच दिवशी, एकाच रिक्षानं. आपापली पाकिटं घेतली आणि अंगणातल्या बाकावर बसून एकमेकांच्या हातात दिली.

पाकिटांत काय होतं ते लोक मला अजून विचारतात. मी सांगत नाही.

*

बागूलभाऊंचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकायला हवा, पण ते आता सटाण्याला असतात, म्हणून मी सांगते.

येवल्याला पैठणी विणणाऱ्यांच्या गल्लीत आमचं शिबिर असायचं. आधीच्या दात्यांना पोस्टकार्डं जायची. एकदा बागूलभाऊंनी कुरकुर केली की एकेका माणसाला चार-चार कार्डं जातात. कारण उघड होतं. ज्यानं चारदा रक्त दिलं त्याच्या चार नोंदी, म्हणून यादीत चार ओळी. क्वेरीला सांगता येतं की एकसारख्या ओळी एकदाच दाखव. मी तसं केलं. यादीत तीनच कॉलम होते: नाव, गट, गल्ली. यादी छान आटोपशीर झाली.

शिबिराच्या दिवशी येवल्याहून, एसटी स्टँडवरच्या बूथवरून त्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, एका माणसाचे दोन झालेत."

झालं होतं असं की टेबलापाशी दोघं जण एक कार्ड घेऊन उभे होते. दोघांचं नाव इस्माईल युसूफ शेख. दोघं त्याच गल्लीत राहणारे, दोघं हातमागावर बसणारे, दोघांचा गट बी पॉझिटिव्ह. भाऊ नव्हेत, नातेवाईकही नव्हेत. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "कार्ड एकच आलं. आम्ही म्हटलं, दोघंबी जाऊ. ज्याचं पाहिजे त्याचं घ्या."

दोघांचंही घेतलं. हसत हसत बागूलभाऊ परत आले, पण मॅडम हसल्या नाहीत. एकसारखी दिसणारी दोन माणसं यादीत एक होतात, तर उद्या एकाची चाचणी दुसऱ्याच्या नावावर चढेल. त्यांना वेगळं दाखवणारं काहीतरी यादीत दिसायलाच हवं. वडिलांचं नाव एक, गल्ली एक, वय जवळजवळ एकच. शेवटी मॅडम म्हणाल्या, आईचं नाव घ्या.

बागूलभाऊ पुन्हा येवल्याला गेले. धाकटा इस्माईल मागावरून उठून आला आणि आईचं नाव विचारल्यावर आधी वडिलांचंच सांगू लागला. रेशनकार्डावर वडील, शाळेत वडील, मागाच्या सोसायटीत वडील. आईचं नाव त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, "जैनब." थोरल्याची आई हलीमा.

मी यादीत नावाच्या लगेच पुढे तो कॉलम आणून ठेवला. पुढच्या शिबिराची कार्डं गेली ती तशीच, 'इस्माईल, आई जैनब' आणि 'इस्माईल, आई हलीमा'. त्या शिबिराला धाकट्याबरोबर त्याची म्हातारी आई आली. हातात कार्ड. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड बागूलभाऊंपुढे धरलं आणि म्हणाली, "भाऊ, यात मी कुठं हाय, तेवढं बोट ठेवून दाखव."

भाऊंनी तिचंच बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. ते सांगतात, शिबिर संपून खुर्च्या उचलल्या तरी म्हातारीनं ते बोट काढलं नव्हतं.

*

आता शेवटचं. हे आम्ही सहसा बाहेर सांगत नाही.

किरण नावाचा एक मुलगा होता, इगतपुरीचा. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, हा एकुलता एक. अंबडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, रोज गाडीनं ये-जा. त्याचा गट ए बी निगेटिव्ह, आमच्याकडे तसे अगदी मोजके. दर तीन महिन्यांनी सुलभाताईंचा फोन त्याच्या घरी जायचा. शिफ्टमुळे तो घरात नसायचाच, फोन आई उचलायची. "किरण आहे का?" इथून सुरुवात व्हायची आणि मग इगतपुरीच्या पावसापासून भाताच्या लावणीपर्यंत दोघी बोलत बसायच्या. निरोप मिळाला की किरण दुसऱ्या दिवशी यायचा. रक्त देताना सुद्धा झोप काढायचा, इतका थकलेला असायचा.

एका पावसाळ्यात तो अपघातात गेला. बातमी बागूलभाऊंनी आणली. सुलभाताई त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

दात्याचं निधन झालं तर त्याची नोंद पुसायची नाही, असा मॅडमचा नियम. मी किरणच्या नावापुढे निधनाची खूण केली. फोनच्या यादीत आधीपासूनच अट होती की अशी खूण असेल तर नाव दाखवायचं नाही. ते नाव यादीतून गेलं. ताईंच्या पडद्यावर वरच्या नावाखाली लगेच खालचं नाव आलं, मध्ये काही होतं असं वाटतही नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी फोन वाजला. ताईंनी उचलला. किरणची आई होती.  ताई इतकंच म्हणाल्या की आम्हाला कळलं, म्हणून यादीतून नाव काढलं, तुम्हाला त्रास नको म्हणून.

पलीकडून आई म्हणाली, "नाव काढलं ते ठीकच केलं बाई. पण फोन कशाला बंद केला?"

त्या दोघी खूप वेळ बोलल्या. खरं म्हणजे आईच बोलत होती. घरी फोन वाजतच नाही, वाजला तर वडिलांसाठी असतो, किरणचं नाव घेऊन विचारणारं आता कुणी राहिलं नाही, असं काहीसं. ताई नुसतं 'हो' म्हणत होत्या. फोन ठेवून त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"वैशाली, किरणचं नाव माझ्या यादीत दिसू दे."

मी म्हटलं, "ताई, पण त्याच्यापुढे खूण आहे."

"खूण राहू दे. नाव दिसू दे."

क्वेरीत अटीच्या ओळीखाली 'किंवा'ची एक ओळ असते. मी तिथे किरणचा दाता क्रमांक टाकला. निधनाची खूण नसलेले सगळे दिसावेत, किंवा हा. यादी पुन्हा काढली तर तो आपल्या जागी आला, तारखेप्रमाणे. शेवटच्या रक्तदानाची तारीख आता पुढे सरकणार नव्हती, त्यामुळे महिना-दोन महिन्यांत तो त्या गटाच्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसला आणि तिथेच राहिला. मॅडमना आम्ही काही बोललो नाही. मेलेल्या माणसाचं नाव फोनच्या यादीत ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसलं नसतं, हे आम्हाला माहीत होतं.

दर तीन महिन्यांनी ताई इगतपुरीला फोन लावायच्या. काय बोलायच्या ते मी कधी कान देऊन ऐकलं नाही. सुरुवात मात्र कानावर पडायचीच. ती जुनीच होती.

वर्षं गेली. आमचं ते एका मशीनवरचं सॉफ्टवेअर जुनं झालं. ट्रस्टनं नवीन घ्यायचं ठरवलं आणि पुण्याहून एक इंजिनिअर आला. तरुण, कामाला चोख. दोन दिवस माझ्या शेजारी बसून त्यानं एकेक क्वेरी उघडून पाहिली, तारखा अक्षरात का, आईचं नाव का, काउंटरची यादी वेगळी का, सगळं विचारून घेतलं. माझ्या कामाचं त्यानं कौतुकही केलं. मग फोनची यादी उघडली आणि थांबला.

"मॅडम, इथे एक चूक राहिली आहे," तो डॉक्टर मॅडमना म्हणाला. "एक मयत डोनर कॉल लिस्टमध्ये येतोय. कुणीतरी वेगळी अट टाकली आहे. काढून टाकू ना?"

मी मान वर केली नाही. सुलभाताई फोनपाशी होत्या, त्यांचा हात रिसीव्हरवर तसाच राहिला.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही. म्हणाल्या, "नाही. नव्यातही तो तसाच दिसला पाहिजे. सगळ्यात वर."

इंजिनिअर गोंधळला. त्यानं की-बोर्डवर काही टाइप केलं, मग पुन्हा विचारलं, "पण नव्या सिस्टिममध्ये अशा नावापुढे शेरा भरावाच लागतो. रिकामा चालत नाही. काय लिहू?"

 मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या,

"लिहा, फोन करणे."